मी काय सांगत होतो?

आमच्या आजोळी वाड्यामागे महादेवाचे एक जुने देऊळ होते. महाशिवरात्रीला तेथे दरवर्षी एक गोसावी येत. कोठून येत, कोठे जात, हे त्यांना कधी कोणी विचारले नाही. दुपारभर पाट्यावर भांग वाटावी, बदाम-खसखस-बडीशेप घालून ती दुधात कालवावी, देवाला नैवेद्य दाखवावा आणि मग लोटाभर आपण घ्यावी, असा त्यांचा क्रम होता. रात्री जागरणाला जमलेल्या बायामुलांना ते व्याधाची कथा सांगत. बेलाच्या झाडावर दबा धरून बसलेला तो व्याध, तळ्यावर आलेली हरिणी, पाडसांना भेटून परत येते म्हणून तिने घातलेली गळ, सारे मोठे रसाळ. पण मध्यरात्रीच्या सुमारास एक गोष्ट हमखास घडे. वाक्य अर्ध्यावर आलेले असे, हात उचललेला असे, आणि महाराज एकाएकी थांबत. समईकडे पाहत राहत. मग अगदी निरागसपणे विचारत, “मी काय सांगत होतो?”

आम्ही पोरे तोंडात पदर नि उपरणी कोंबून हसत असू. आजी मात्र हसत नसे. ती हळूच म्हणे, “पहिली हरिणी शब्द देऊन गेली, महाराज.” की लगेच कथा पुढे चालू!

पुढे मोठेपणी या प्रसंगातली खरी मौज माझ्या ध्यानात आली. महाराज कथा विसरले नव्हते. कथा त्यांना मुखोद्गत होती; गुरूचे नाव, चारी धामांच्या वाटा, शेकडो अभंग, सारे शाबूत होते. गहाळ झाले होते ते केवळ मागचे अर्धे मिनिट. जुना खजिना जागच्या जागी आणि हातातली मोहोर तेवढी नाहीशी, असा हा चमत्कारिक चोर कोण? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर २०१२ साली मिळाले. ते जेथे मिळाले ती जागा अशी होती की तेथे शोधण्याचे दीडशे वर्षांत फारसे कोणाच्या मनातही आले नव्हते. मी शास्त्रज्ञ नव्हे. इतिहास वाचण्याचा छंद असलेला एक गृहस्थ आहे. म्हणून ही हकीकत इतिहासाच्या वाटेनेच सांगतो.

भांग आपल्याकडे किती जुनी हे सांगत बसलो तर हा अंक पुरणार नाही. तेव्हा एकदम १८३९ सालच्या कलकत्त्याला जाऊ. तेथील मेडिकल कॉलेज सुरू होऊन उणीपुरी चार वर्षे झाली होती. त्यात रसायनशास्त्र शिकवणारा विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचा तिशीतला आयरिश डॉक्टर मोठा चौकस होता. हिंदुस्थानातले लोक गांजा-भांगेबद्दल इतके बोलतात, वैद्य आणि हकीम ती औषधात घालतात, मग आपण ती पारखून का पाहू नये, असे त्याला वाटले. त्याने पंडितांना आणि हकिमांना विचारले. जुन्या ग्रंथांतले उल्लेख काढून देणाऱ्यांत पंडित मधुसूदन गुप्त होते. मृतदेहाचे विच्छेदन करून ज्यांनी बंगालभर खळबळ उडवून दिली तेच हे पंडित. मग ओशॉनेसीने प्रयोग सुरू केले. एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला त्याने नेपाळी चरस दिली. अर्ध्या तासात कुत्रे पेंगुळले, मधूनच दचकून उठे, मोठ्या समाधानाने शेपूट हलवी, अन्नावर तुटून पडे, हाक मारली की झोकांड्या खात येई. सहा तासांत स्वारी पूर्ववत! पुढे त्याने ही वनस्पती धनुर्वातावर वापरली, लहान मुलांच्या आकडीवर वापरली आणि तिची कीर्ती विलायतेला नेली. लंडनच्या औषधविक्यांच्या कपाटात गांजाचा अर्क जाऊन बसला तो या माणसामुळे. गंमत अशी की याच ओशॉनेसीने पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे विणले. निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा जातो हे तारेच्या बाबतीत त्याला पक्के ठाऊक होते. आपल्या कुत्र्याच्या डोक्यात कोणता निरोप कोठे अडकला हे मात्र त्याला कळण्याचा काही मार्ग नव्हता.

त्यानंतर सरकारला निराळीच काळजी पडली. गांजाने माणसे वेडी होतात आणि वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी ओरड विलायतेच्या पार्लमेंटात झाली आणि १८९३ साली एक आयोग नेमला गेला. सात सभासदांपैकी तीन हिंदी होते. आयोग देशभर फिरला, ११९३ साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यातला गांजा पिकवणारा मुलूख म्हणून आपल्या नगर जिल्ह्याचे नावही त्या कागदपत्रांत आहे. परंतु मला या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा. आयोगाने एका वर्षाचे रोगी एकेक करून तपासले. तेव्हा असे दिसले की नोंदवहीत ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे आणि तो पुष्कळदा रोग्याला घेऊन येणाऱ्या पोलिसाच्या सांगण्यावरून भरलेला असे. पोलिसाला तरी काय माहीत? रस्त्यात सापडलेला माणूस, नातलग नाही, गोत नाही. लिही ‘गांजा’! वर्षानुवर्षे अशी शेकडो माणसे कागदावर गांज्याने वेडी झाली आणि ते कागद पुरावा म्हणून पुन्हा पुढे मांडले गेले. प्रमाणात घेतला तर गांजा सहसा अपाय करीत नाही, अतिरेक मात्र घातक, असा आयोगाचा १८९४ सालचा निष्कर्ष होता. कोणत्याही टोकाला उभ्या असलेल्या माणसाला तो आजही पुरता रुचत नाही.

याच आयोगासाठी कलकत्त्यात डॉ. कनिंगहॅम यांनी एका माकडाला कित्येक महिने गांज्याचा धूर हुंगवला आणि शेवटी त्याचा मेंदू उघडून पाहिला. रोगाची खूण काही दिसली नाही. दिसावी कशी? ते इजा शोधीत होते. गांज्याचा खेळ इजेचा नव्हे, निरोपांचा आहे.

आता रसायनाकडे येतो. अफूतले मूळ द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच हाती आले होते, कोकेनचे १८६० च्या सुमारास. भांगेचे मात्र येईना, कारण तिचा चिकट राळेसारखा अंश म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या अनेक द्रव्यांचा लगदा. हे कोडे पुरते सुटले १९६४ साली, इस्रायलमध्ये. राफाएल मेशुलाम हे मूळचे बल्गेरियातील सोफियाचे, लहानपणी महायुद्धाची झळ सोसलेले. त्यांनी आपल्या संस्थेच्या अधिकाऱ्यांमार्फत पोलिसांकडून पाच किलो जप्तीची लेबनॉनी चरस मिळवली आणि ती पिशवीत घालून चक्क सार्वजनिक बसने रेहोवोतला नेली! बसभर वास दरवळला. पुढे कळले की देणारे पोलीस आणि घेणारे प्राध्यापक, दोघांनीही कायदा मोडला होता, कारण परवानगी आरोग्यखात्याची हवी होती. त्या पिशवीतून मेशुलाम आणि त्यांचे सहकारी येहिएल गाओनी यांनी टीएचसी हे मुख्य मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. मग मेशुलामांच्या पत्नीने केक केला आणि दहा मित्रांना बोलावले. पाच जणांच्या तुकड्यांत टीएचसी, पाच जणांच्या साध्या. एक जण हसतच सुटला, एकाची बडबड थांबेना, एकाला भीतीने घेरले. आपल्याकडच्या होळीत कोणालाही दिसेल असाच देखावा, फक्त वजनकाट्यावर मोजून घेतलेला.

द्रव्य सापडले, पण ते मेंदूत जाऊन करते काय? पुष्कळांची समजूत अशी की पेशींच्या तेलकट आवरणात शिरून ते नुसती ढवळाढवळ करीत असेल. १९८८ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत या द्रव्यासाठी नेमकी जागा आहे असे दाखवले. शास्त्रीय मराठीत अशा जागेला ग्राही म्हणतात. आपण घरगुती भाषेत कुलूप म्हणू. टीएचसी ही त्या कुलपात बसणारी किल्ली. १९९० च्या ऑगस्टमध्ये लिसा मात्सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुलपाचा जनुकातला साचाच प्रसिद्ध केला. त्याचे पुढे रूढ झालेले नाव सीबी-१.

येथे एक साधा पण मोठा प्रश्न उभा राहिला. रानातल्या झाडाच्या चिकासाठी निसर्ग आपल्या डोक्यात कुलूप कशाला बसवील? अर्थात घरची किल्ली घरातच असली पाहिजे. जेरुसलेममध्ये मेशुलामांच्या प्रयोगशाळेत डिव्हेन आणि चेक रसायनज्ञ लुमिर हानुश यांनी डुकरांच्या मेंदूंतून ती १९९२ साली शोधून काढली. तिचे नाव ठेवले आनंदामाइड. होय, आपल्या संस्कृतातलाच आनंद! जगाच्या रसायनशास्त्रात संस्कृत शब्द असा थाटाने बसलेला क्वचितच आढळतो. मला तर नामकरणाची ही वार्ता वाचून आजोळच्या त्या देवळात जाऊन घंटा वाजवावीशी वाटली. मेशुलाम २०२३ च्या मार्चमध्ये वारले तेव्हा त्यांना ब्याण्णव वर्षे झाली होती.

हा धागा येथे खुंटीला अडकवून ठेवतो, आणि दुसरी कथा सुरू करतो. ती आहे मेंदूतल्या उपेक्षितांची.

बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो या थोर वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला असे पाहिले की मेंदूत चेतापेशींच्या मधल्या जागेत काहीतरी मऊ, भरीव द्रव्य आहे. खिडकीच्या तावदानाला आपण लुकण लावतो, तसे. त्याने त्याला चेतांचे लुकण म्हटले आणि ग्रीक भाषेतून न्यूरोग्लिया हे नाव रूढ केले. ग्लिया म्हणजे सरस. एकदा एखाद्याला सरस म्हटले की त्याची चौकशी करावी असे कोणाला वाटणार! तसबीर पाहणारा मनुष्य चौकटीचा सरस पाहत नाही.

पुढे १८७३ साली इटलीत, मिलानजवळच्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, कामिलो गोल्जी याने मेंदूचे तुकडे चांदीच्या क्षारात बुडवून काळे करण्याची युक्ती काढली. तीत चेतापेशी काळ्या झाडांसारख्या उमटू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर सरसातल्या पेशीही. त्यांतल्या एका जातीच्या पेशी चांदण्यांसारख्या दिसत. त्यांना पुढे ॲस्ट्रोसाइट असे नाव पडले. आपण तारकापेशी म्हणू. तारकेचे काही किरण चेतापेशींच्या जोडांना वेढून बसलेले, तर काही रक्तवाहिनीवर पाय रोवलेले. स्वयंपाकघर आणि पंगत यांच्यामध्ये फिरणाऱ्या वाढप्याने करावी तशीच ही व्यवस्था.

स्पेनमध्ये रामोन इ काहाल या महान शास्त्रज्ञाने १९१३ साली सोन्याच्या क्षाराने तारकापेशी सुरेख रंगवून दाखवल्या. गोल्जी आणि काहाल यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते, आणि तेही एकमेकांचे सिद्धांत खोडून काढीत! परंतु मला येथे थांबावेसे वाटते ते काहालच्या हाताखालच्या पिओ देल रिओ ओर्तेगासाठी. या मनुष्याने जन्मभर सरसातल्या पेशींचाच ध्यास घेतला. चेतापेशी आणि तारकापेशी सोडून उरलेल्या पेशींना काहाल ‘तिसरे घटक’ म्हणत असे. ओर्तेगाने चांदीच्या नव्या क्षाराने रंगवून दाखवले की ते एक घटक नाहीत, दोन आहेत. एका जातीला त्याने १९१९ साली मायक्रोग्लिया असे नाव दिले. या इवल्या पेशी मेंदूत फिरून केरकचरा वेचतात, दुखापतीच्या ठिकाणी धावून जातात. गुरूला हे रुचले नाही. आणखीही काही घरगुती कुरबुरी होत्या, आणि १९२० साली ओर्तेगाला प्रयोगशाळेतून जावे लागले. तरी त्याने काम सोडले नाही. पुढे स्पेनमध्ये यादवी पेटली; तो पॅरिस, ऑक्सफर्ड असे करीत अर्जेंटिनात पोचला आणि १९४५ साली ब्वेनोस आइरेसमध्ये परदेशातच वारला. नोबेलसाठी त्याचे नाव दोनदा सुचवले गेले होते. सरसाच्या अभ्यासकाला ते मिळाले नाही.

आणि या पेशी काही मूठभर नव्हेत. माणसाच्या मेंदूत त्या चेतापेशींच्या दसपट असतात असे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत. २००९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी नीट मोजदाद केली तेव्हा चेतापेशी सुमारे ८६०० कोटी आणि इतर पेशी सुमारे ८५०० कोटी निघाल्या. दसपट नसोत, तरी निम्मा गाव झाला, आणि निम्म्या गावाला आपण भिंतीचे लुकण समजत होतो.

हे गैरसमज हलू लागले १९९० साली. होय, गांज्याच्या कुलपाचा साचा सापडला तेच वर्ष. त्याच्या जानेवारीत अमेरिकेत ॲन कॉर्नेल-बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचपात्रात वाढवलेल्या तारकापेशींवर ग्लुटामेट टाकले. चेतापेशी ज्या द्रव्याने एकमेकींशी बोलतात ते हे द्रव्य. तर काय, तारकापेशींत कॅल्शियमच्या लाटा उठल्या आणि एका पेशीतून दुसरीत पसरत गेल्या! म्हणजे सरसाला ऐकू येत होते. पुढे तो उत्तरही देतो असे दिसले, आणि १९९९ साली आल्फोन्सो आराके व त्यांचे सहकारी यांनी मांडले की चेतापेशींचा जोड दोघांचा नसून तिघांचा असतो: देणारी, घेणारी आणि मध्ये कान देऊन बसलेली तारकापेशी.

दोन्ही कथा जिथे भेटल्या ती जागा माद्रिद. २००८ साली तेथील काहाल संस्थेत, म्हणजे ज्या गुरूच्या घरून ओर्तेगा बाहेर पडला त्याच गुरूच्या नावाच्या संस्थेत, मार्ता नवारेते आणि आराके यांनी उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मरणाच्या भागाचे पातळ काप घेतले. चेतापेशीने घरची भांग, म्हणजे आनंदामाइडच्या कुळातले द्रव्य, सोडले की शेजारच्या तारकापेशीवरील सीबी-१ कुलूप उघडे, तिच्यात कॅल्शियमची लाट उठे, आणि मग ती आपल्याकडचे ग्लुटामेट दुसऱ्याच एखाद्या चेतापेशीच्या कानात ओती. मौज पाहा, हेच कुलूप चेतापेशीवर असते तेव्हा तिला गप्प बसवते; २००१ साली अमेरिकेत आणि जपानमध्ये ते दिसून आले होते. तारकापेशीवर असते तेव्हा तिला बोलते करते. किल्ली एक, कुलूप एक, घरे दोन, आणि परिणाम उलटे.

तारकापेशींवरची ही कुलपे चेतापेशींच्या मानाने फार थोडी असतात. म्हणून तर ती इतके दिवस नजरेत भरली नाहीत, आणि भरल्यावरही ‘इतक्या थोड्यांनी काय होणार!’ असे कित्येकांना वाटे.

यानंतर २०१२ साल. कॅनडातील ओटावा आणि फ्रान्समधील बोर्डो येथील शास्त्रज्ञांनी, झांग आणि मार्सिकानो यांनी, गोसावीमहाराजांचाच प्रश्न उंदरांना विचारला. पाण्याच्या गोल हौदात पृष्ठभागाखाली एक लपलेला चौथरा ठेवायचा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो. थोड्या वेळाने पुन्हा सोडला की नुकतेच पाहिलेले आठवून तो थेट तिकडे जातो. दुसऱ्या दिवशी चौथऱ्याची जागा बदललेली, म्हणजे जुनी आठवण निरुपयोगी. लागते ती ताजी. टीएचसी दिलेले उंदीर दुसऱ्या फेरीतही पहिल्यासारखेच भटकत राहिले. जणू विचारीत होते, मी कोठे निघालो होतो?

मग शास्त्रज्ञांनी जनुकांच्या कारागिरीने निरनिराळ्या पेशींवरून ही कुलपे काढलेले उंदीर घेतले. एकात उत्तेजक चेतापेशींवरची कुलपे काढली. टीएचसी दिल्यावर विसर पडलाच. दुसऱ्यात शामक चेतापेशींवरची काढली, आणि सीबी-१ चा सर्वांत मोठा साठा तेथेच असतो. तरीही विसर पडला. तिसऱ्यात केवळ तारकापेशींवरची काढली, ती थोडीशी, नगण्य समजली गेलेली. या उंदरांना टीएचसी दिली तरी ते सरळ चौथऱ्याकडे पोहत गेले.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवून कितीतरी वेळ तसाच बसलो. चोर लुकणात होता! टीएचसीने तारकापेशी नको तेव्हा बोलू लागते, तिने ओतलेल्या ग्लुटामेटमुळे चेतापेशींच्या जोडांवरचे निरोप घेणारे ग्राही आत ओढले जातात, जोड काही काळ ढिले पडतात, आणि नुकतीच मांडलेली रांगोळी पुसली जाते. जुनी नक्षी दगडात कोरलेली असल्याने तशीच राहते. हे उंदरांत दिसलेले आहे हे खरे. पण समईकडे पाहत थांबलेली ती मूर्ती माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली ती राहिलीच.

पुढचा इतिहास अजून ताजा आहे, तो धावता सांगतो. २०२० साली बोर्डो आणि सालामांका येथून आलेल्या शोधनिबंधात असे दिसले की तारकापेशीच्या आतल्या शक्तिकेंद्रांवरही हे कुलूप असते. टीएचसीने ते उघडले की ती चेतापेशींना पुरवायचे लॅक्टेट कमी करते, आणि उंदीर आपल्या भाऊबंदांपासून दूर दूर राहू लागतो. वाढप्याने हात आखडला की पंगत विस्कटते, तसेच हे. ओर्तेगाच्या मायक्रोग्लियावर दुसऱ्या जातीचे कुलूप, सीबी-२, सापडते. मेंदूत दाह झाला की ते वाढते, आणि त्यावर औषधांच्या आशेने पुष्कळ काम चालू आहे. इकडे कायद्याने १९८५ पासून गांजा आणि चरस यांना देशभर बंदी आहे, भांगेच्या नुसत्या पानाला मात्र त्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे पाट्यावरची भांग आणि चिलमीतला गांजा हे एकाच झाडाचे दोन भाऊ आपण दोन निरनिराळ्या घरांत ठेवले आहेत.

परंतु २०१८ सालची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मार्सिकानो यांच्याच प्रयोगशाळेत असे आढळले की टीएचसी अजिबात न देताही, तारकापेशींवर ही कुलपे नसलेले उंदीर काल पाहिलेली वस्तू आज ओळखीत नाहीत. घरची किल्ली तारकापेशीचे कुलूप उघडते तेव्हा तेथे डी-सेरीन नावाचे एक द्रव्य उपलब्ध होते, आणि आठवण बांधायला ते लागते. ते बाहेरून दिले तेव्हा उंदरांना वस्तू पुन्हा ओळखू येऊ लागल्या. ज्या दारातून बाहेरची भांग विसर घेऊन शिरते, त्याच दारातून घरचा आनंद आठवण आत आणतो, असे हे आहे.

आजीला यातले काही ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की महाराज थांबले की कोणी रागवायचे नाही, आणि कथा पहिल्यापासूनही सुरू करायची नाही. केवळ शेवटचे अर्धे वाक्य त्यांच्या हाती द्यायचे. “दुसरी हरिणी पाण्यावर आली, महाराज,” ती म्हणे. महाराज मान डोलावत, उचललेला हात पुढे नेत, आणि हरिणी पुन्हा बोलू लागे.